वचन कुणाच्या तोंडी?

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसावा अध्याय कुणी मुद्दाम पाठ करावा असा नाही. त्यात उपदेश नाही, स्तोत्र नाही. एका मोठ्या कुटुंबातली भांडणं आणि वाटण्या आहेत. राहेलला मूल होत नाही, म्हणून ती आपली दासी बिल्हा हिला नवऱ्याच्या, म्हणजे याकोबाच्या, हवाली करते. पुढे त्याच अध्यायात याकोब सासऱ्याच्या कळपातली ठिपकेदार मेंढरं आपल्या वाट्याला यावीत म्हणून सोललेल्या काठ्यांची युक्ती लढवतो. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला सावकार शायलॉक व्याज घेण्यात काही गैर नाही हे पटवायला याच मेंढरांचा दाखला देतो. आणि जवळजवळ चारशे वर्षांनी, 1985 मध्ये, मार्गारेट ॲटवुड आपल्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीच्या सुरुवातीला त्याच अध्यायातली दासीची गोष्ट ठेवते. त्या कादंबरीतल्या गिलियड नावाच्या राजवटीत या गोष्टीचा कायदा झालेला आहे. मूल होऊ शकणाऱ्या बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी नेमून दिल्या जातात, आणि दर महिन्याच्या त्या ‘विधी’आधी घरचा मालक कुलूपबंद पेटीतून बायबल काढून सगळ्यांना वाचून दाखवतो.

अध्याय एकच. शायलॉक त्यातून व्याज काढतो, गिलियड बलात्कार काढतं. दोघांपैकी कुणीही मूळ मजकुराशी खोटेपणा केलेला नाही; मेंढरं तिथे आहेत, दासीही तिथे आहे. शायलॉकचा दाखला ऐकून नाटकातला व्यापारी अँटोनिओ म्हणतो की सोयीचं असेल तेव्हा सैतानही धर्मग्रंथाचा आधार घेतो. हे त्याचं चातुर्य नव्हे, बायबलचीच साक्ष आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची परीक्षा पाहायला आलेला सैतान त्याला स्तोत्रसंहितेतलंच वचन ऐकवतो. धर्मग्रंथाने स्वतःच आपलं वचन सैतानाच्या तोंडी देऊन ठेवलं आहे, तर कादंबरीकाराने ते भाबडेपणाने फक्त सज्जनांच्या तोंडी का द्यावं?

मला म्हणायचं आहे ते एवढंच. कथेत शिरलेलं धर्मवचन हे धर्माचं विधान उरत नाही, ती त्या पात्राची कृती होते. कुणी थप्पड मारतो, कुणी खोटी सही करतो, तसं कुणी श्लोक म्हणतो. तो का म्हटला, कुणाला ऐकवला, त्याने काय साधलं किंवा काय लपवलं, यावर त्याचा बरेवाईटपणा ठरतो. गांभीर्य उसनं आणण्यासाठी वचन वापरणारा लेखक आणि वचन दिसताच पेटून उठणारा वाचक ही वरवर दोन टोकं वाटतात, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही वचन पात्राच्या तोंडातून काढून वेगळं धरतात.

आपल्याकडे वचन आणि गोष्ट यांना एकत्र नांदवण्याचा सराव जुना आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. बुक्का लागून झाला की बुवा गोष्टीत रंगतात, पण ती गोष्ट अभंगाच्या सेवेला असते. हरिश्चंद्र स्मशानात उभा असतो तो बुवांनी आधी मांडलेला सिद्धांत खरा ठरावा म्हणून. शेवटी गाडी पुन्हा मूळ अभंगावर येते आणि श्रोता समाधानाने उठतो. कादंबरीत हे नातं उलटं व्हावं लागतं. तिथे वचनाने आख्यानाची सेवा करायची असते आणि गरज पडली तर आख्यानात हरायचीही तयारी ठेवायची असते. ज्या कादंबरीत वचन हरूच शकत नाही, ते मुद्रित कीर्तन समजावं. कीर्तन म्हणून ते चांगलंही असेल.

मराठी कादंबरीची सुरुवात अशा मुद्रित कीर्तनाने झाली, फक्त बुवा ख्रिस्ती होते. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं. त्याच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं ‘निरूपण’ असा शब्द आहे, आणि पुस्तक त्या शब्दाला जागतं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. शास्त्र आणि शुभवर्तमान यांच्यातला वाद पुस्तकभर चालतो आणि निकाल कुठे लागणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. पदमनजींची कळकळ खोटी नव्हती. त्यांनी पाहिलेल्या विधवाही खऱ्या होत्या. पण वचनाला कुठलाच धोका नाही, म्हणून यमुनेलाही नाही. ती सिद्धांताच्या कडेवर बसूनच सगळा प्रवास करते.

तेहेतीस वर्षांनी हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ सुरू केली. तिची नायिकाही यमू, तीही विधवा. पण शास्त्र इथे चर्चेचा विषय म्हणून येत नाही, ते घरातल्या माणसांच्या हातातलं हत्यार म्हणून येतं. यमूच्या केशवपनाचा प्रसंग ज्याने वाचला आहे त्याला धर्मशास्त्रातला कुठला आधार खरा आणि कुठला प्रक्षिप्त हा प्रश्न तिथे सुचतच नाही. शास्त्र कुणाच्या जिभेवर आहे आणि वस्तरा कुणाच्या डोक्यावर आहे, एवढंच दिसतं. पदमनजींनी शास्त्राचं खंडन केलं, आपट्यांनी शास्त्र बोलणारी माणसं दाखवली. दुसरी गोष्ट जास्त खोल जखम करते, आणि मराठी कादंबरी खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते असं मी मानतो.

धर्मवचन कादंबरीत कसं वापरावं याचा मला माहीत असलेला सगळ्यात मोठा धडा मात्र रशियन आहे. दोस्तोव्हस्कीला 1850 च्या जानेवारीत सैबेरियाकडे नेत असताना तोबोल्स्कमध्ये डिसेंब्रिस्ट कैद्यांच्या बायकांनी नव्या कराराची एक प्रत दिली. ओम्स्कच्या तुरुंगातली चार वर्षं बाळगायची परवानगी होती ती याच पुस्तकाची. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये रास्कोल्निकोव्ह दोन बायकांचा खून करून सोन्या नावाच्या तरुणीच्या खोलीवर येतो. सोन्या घरच्यांचं पोट भरण्यासाठी शरीर विकते. तो तिला लाजराच्या पुनरुत्थानाचा उतारा वाचून दाखवायला सांगतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग दोस्तोव्हस्की कादंबरीत पानभर उतरवतो. एरवी एवढा लांब उतारा म्हणजे रटाळपणाची हमी. इथे तो जिवंत राहतो, कारण सोन्याचा आवाज फुटतो, अडतो, तिला आधी वाचायचंच नसतं. हा उतारा म्हणजे तिची शिल्लक राहिलेली एकमेव खाजगी वस्तू आहे आणि हा माणूस तिच्यावर हात टाकतो आहे. ऐकणारा विश्वास ठेवत नाही. आणि ज्या पुस्तकातून ती वाचते ते तिला लिझावेताने दिलेलं आहे. ही लिझावेता म्हणजे रास्कोल्निकोव्हने मारलेल्या दोघींपैकी एक.

वचनातला शब्दही बदललेला नाही, तरी त्याचा प्रत्येक शब्द त्या खोलीचा झालेला आहे.

या प्रकरणाची एक उपकथाही आहे. ‘रशियन हेरल्ड’च्या संपादकांनी हे प्रकरण पहिल्या रूपात छापायला नकार दिला. त्यांना त्यात नीतिभ्रष्टतेचा, शून्यवादाचा वास आला आणि दोस्तोव्हस्कीला ते नाइलाजाने पुन्हा लिहावं लागलं. नीट पाहा, संपादक नास्तिक नव्हते, लेखकही नव्हता, आणि उतारा तर थेट शुभवर्तमानाचा होता. खटकलं ते तोंड. पवित्र पुस्तक वेश्येने वाचावं आणि खुन्याने ऐकावं, हे त्यांना सोसवलं नाही. येशू स्वतः कुणाच्या पंगतीला बसत असे हे त्या संपादकांना कुणीतरी विचारायला हवं होतं.

मग वचन तंतोतंत असलं पाहिजे का? साहित्यात याचं उत्तर गमतीशीर आहे. ॲटवुडच्या कादंबरीत दासींना शिकवणाऱ्या ‘आंटी’ एक घोषवाक्य रोज घोकून घेतात आणि ते संत पौलाचं असल्याचं सांगतात. वाचकाच्या लक्षात येतं की हे कार्ल मार्क्सचं प्रसिद्ध सूत्र आहे, त्यातली सर्वनामं तेवढी बायका-पुरुषांच्या सोयीने बदललेली आहेत. डोंगरावरच्या प्रवचनातल्या आशीर्वचनांतही गप्प बसणाऱ्यांसाठी एक जादा आशीर्वाद घुसडलेला असतो. नायिकेला हे खोटं आहे याची खात्री असते, पण ती पडताळू शकत नाही, कारण बायकांना वाचायची बंदी आहे आणि पुस्तक पेटीत आहे. वचन खोटं असणं हाच त्या कथेचा मुद्दा. मराठी वाचकाला यात काही परकं वाटायचं कारण नाही. वेद तीन वर्णांपुरतेच खुले राहिले म्हणून ज्ञानेश्वरांनी गीतेवरच्या आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्यांना कृपण ठरवलं आहे. किल्ली ज्याच्या कमरेला, वचन त्याचं; ही व्यवस्था गिलियडने शोधलेली नाही.

‘पल्प फिक्शन’ या 1994 च्या चित्रपटातला भाडोत्री मारेकरी जूल्स माणसाला गोळी घालण्याआधी यहेज्केलच्या पुस्तकातला एक उतारा खणखणीत आवाजात म्हणतो. त्याचा शेवटचा भाग सोडला तर तो बायबलमध्ये नाहीच. बराचसा एका जुन्या जपानी मारधाडपटाच्या इंग्रजी आवृत्तीतून उचललेला आहे. लोक मात्र तो बायबलचा म्हणूनच पाठ करतात. तरीही हा वापर मी अस्सल मानतो. शेवटच्या प्रसंगात जूल्स कबूल करतो की आजवर आपण हे फक्त दरारा बसवायला म्हणत होतो, अर्थाचा विचार केलाच नव्हता. मग तो आपण त्या उताऱ्यातले नेमके कोण, याचे दोन-तीन अन्वयार्थ लावून पाहतो, आणि एका माणसाचा जीव वाचतो. वचन नकली, पण त्या माणसाचं त्या वचनाशी झालेलं भांडण खरं.

याच्या उलट उदाहरण 2023 च्या ‘ओपनहायमर’चं. त्यात जीन टॅटलॉक शय्याप्रसंगात ओपनहायमरच्या हाती संस्कृत पुस्तक देते आणि तो गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या काळरूपाच्या श्लोकाचा अर्थ सांगतो. भारतात गदारोळ झाला. तेव्हाचे केंद्रीय माहिती आयुक्त उदय माहुरकर यांनी दिग्दर्शक नोलनला जाहीर पत्र लिहून निषेध केला. मला तो प्रसंग पटला नाही, पण कारण निराळं. ओपनहायमर बर्कलीला आर्थर रायडर यांच्याकडे खरोखर संस्कृत शिकला होता, गीता त्याच्या आयुष्याचा भाग होती, तेव्हा बिछान्यात गीता येणं अशक्य नाही. पण नेमका तोच श्लोक का? कारण अणुस्फोटाच्या आठवणीत हा माणूस तो पुढे म्हणणार, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. 1965 च्या टीव्ही माहितीपटातलं त्याचं ते बोलणं जगाने ऐकलेलं आहे. टॅटलॉकला मात्र यातलं काही ठाऊक असणं शक्य नाही. म्हणजे श्लोक पात्राच्या गरजेतून आलेला नाही. दिग्दर्शकाने पात्रांच्या डोक्यावरून प्रेक्षकाला डोळा मारला आहे. अश्लीलतेचा आरोप करणाऱ्यांनी हा खरा दोष पाहिलाच नाही, आणि त्यामुळे नोलन फुकट सुटला.

मराठीत हा डोळा मारण्याचा प्रकार पुस्तकाच्या पहिल्या पानावर चालतो. अर्पणपत्रिका उलटली की ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी किंवा तुकोबांचा चरण कोऱ्या पानाच्या मधोमध विराजमान. पुढे तीनशे पानांत फ्लॅट, घटस्फोट आणि अमेरिकेतला मुलगा. ओवीचा आणि त्या माणसांचा संबंध इतकाच की लेखकाला आपली कादंबरी ‘चिंतनशील’ वाटावी असं मनापासून वाटत होतं. पाहुण्यांसाठी शेजारून मागून आणलेली चांदीची भांडी जशी, तशी ही ओवी. घरातलं कुणी त्यात जेवत नाही. टॉलस्टॉयनेही ‘ॲना करेनिना’च्या आरंभी सूड घेण्याचा अधिकार कुणाचा याबद्दलचं बायबलवचन ठेवलं. पण ते सबंध कादंबरीच्या मानेवर बसलं आहे. ॲनाला शिक्षा कोण देतं, देव की पीटर्सबर्गमधली प्रतिष्ठित मंडळी, यावर समीक्षक अजून भांडतात.

आरंभवचन खरं कसं होतं याचं याहून सणसणीत उदाहरण कथेबाहेरचं आहे, तरी सांगायलाच हवं. डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी 1920 मध्ये तुकोबांचा अभंग होता. एप्रिल 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं तेव्हा त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या, अर्जुनाला शस्त्र उचलायला सांगणाऱ्या. आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. एका ग्रंथाला अग्नी आणि दुसऱ्या ग्रंथाला मस्तक, दोन्ही एकाच वर्षात, एकाच नेत्याच्या हातून. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना जेव्हा त्या ओव्या उद्देशून लिहिल्या जातात, तेव्हा अर्जुन बदलतो. तिथे कुणी ओवी उसनी आणली नव्हती, हक्काने घेतली होती.

आता श्रद्धावानाचं म्हणणं. ते मला टाळायचं नाही, कारण भावना दुखावण्याची जी बाजारी भाषा आपण रोज ऐकतो तिच्यापलीकडे त्यात एक खरा विचार आहे. मी म्हणतो की वचनाचं मोल तोंडावर ठरतं. भक्ती म्हणते, मुळीच नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवा. जन्मभर पाप केलेला माणूस मरताना धाकट्या मुलाला हाक मारतो, मुलाचं नाव नारायण, आणि तेवढ्यावर विष्णुदूत त्याला यमदूतांच्या हातून सोडवतात. उद्देश नाही, भाव नाही, तोंड अपवित्र. तरी नाम फळतं. वारकऱ्यासाठी अभंग हा मजकूर नव्हे, तिथे प्रत्यक्ष कुणीतरी हजर असतं. अशा माणसाला ‘हे पात्र बोलतंय, लेखक नाही’ हे सांगणं म्हणजे त्याच्या आईचा फोटो दुसऱ्याच कुणाची आई म्हणून नाटकात टांगण्यासारखं आहे. त्याला वाईट वाटतं, आणि ते खोटं नसतं.

पण अजामिळाची गोष्ट शेवटपर्यंत मानली तर ती तक्रार टिकत नाही. नाम जर कुठल्याही तोंडात फळतं, तर ते कुठल्याही तोंडात बाटतही नाही. ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात उभं राहिलं, तेव्हा तेंडुलकरांनी ब्राह्मणांची एक जिवंत भिंत रंगमंचावर आणली. तिच्या ओठांवर अखंड देवाचं नाव आणि पाय बावनखणीकडे. देवासमोर बसलेल्या पोरीला जवळ ओढताना त्यातला नाना गणपतीच्याच दोन बायकांचा दाखला देतो. नाट्यगृहातला कुठलाही भाविक यामुळे गणपतीला विन्मुख झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्या भिंतीकडे पाहताना अंगावर काटा येतो तो नाम पवित्र असल्यामुळेच. ज्याला नामाचं काही वाटत नाही त्याला त्या दृश्यात नुसती चाल ऐकू येईल. खरा भाविक हाच तेंडुलकरांचा सर्वोत्तम प्रेक्षक.

कायदासुद्धा, निदान कागदावर, तोंड आणि हेतू पाहायला सांगतो. भारतीय दंडविधानात 1927 मध्ये घातलेलं 295अ कलम आता भारतीय न्याय संहितेत 299 झालं आहे. त्यात धार्मिक भावना दुखावल्या एवढ्यावर गुन्हा होत नाही. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू असावा लागतो. पात्राचं वाक्य लेखकाचा हेतू म्हणून नोंदवणाऱ्या तक्रारी तरीही दाखल होतात आणि लेखक तारखांना चकरा मारत राहतो.

महाराष्ट्राने तर तारखांचीही वाट पाहिली नाही. आनंद यादवांनी ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी लिहिली. तुकोबांच्या तरुणपणाचं त्यातलं चित्रण वारकऱ्यांना सहन झालं नाही. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी निषेध थांबला नाही. शेवटी त्यांनी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि 2009 चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना झालं. संताच्या अभंगांवरून त्याचं आयुष्य रचण्यात एक मूलभूत अडचण आहे असं मला वाटतं. अभंगातला ‘मी’ हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नसतो. भक्त देवापुढे स्वतःला पतित म्हणवतो ती भक्तीची रीत आहे, आणि ती पुरावा म्हणून वापरली की कादंबरीकार तपास अधिकारी होतो. हा आक्षेप साहित्यिक आहे. तो लेख लिहून, परिसंवादात उभं राहून, संमेलनाच्या मांडवातच यादवांसमोर घेता आला असता. ज्या तुकोबांची वही इंद्रायणीत बुडवायला लागली, त्यांच्या नावाने पुस्तक मागे घ्यायला लावणं ही महाराष्ट्राने स्वतःची करून घेतलेली नाचक्की होती, आणि तेव्हा गप्प बसलेले लेखक त्यात सामील होते.

तेव्हा लिहिणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या पानावरची ओवी खोडून पाहा. कादंबरी लंगडली नाही तर ती ओवी तिथे नको. आणि वारकरी वाचकांना दुसरी: पुस्तकावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण आधी ते सबंध वाचा, आणि खटकलेलं वाक्य कोण कुणाला म्हणतो आहे तेवढं मात्र जरूर पाहा.